तक्रार केली, गेट बंद झालं. आता एक लाख दहा हजारांच्या कागदावर सही करू का?

व्हर्नियर
२ फेब्रुवारी २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. इथे आजवर नुसती वाचत आले, तेही पाककृतींचे आणि भटकंतीचे धागे. पहिल्यांदाच लिहितेय आणि ते हे असं. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. क्वालिटीला, इनकमिंगवर. बाहेरून आलेला माल टेबलावर घ्यायचा, मापं काढायची, बरोबर असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल. डिप्लोमा मेकॅनिकल, नोकरीला चार वर्षं तीन महिने झालेले. कागदावर हुद्दा 'सीनियर इंजिनियर', पण हाताखाली कोणी नाही. एक हेल्पर पोरगा होता, तोही कंत्राटी आणि दोन डिपार्टमेंटांत वाटून घेतलेला. ग्रॉस २३,६००, हातात २१,५००. आकडे मुद्दाम देतेय, कुणीतरी म्हणालं कायद्यात ते लागतात.

आमचे प्लांट हेड म्हणजे मालकांचे मेव्हणे. जूनपासून माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायला लागले. "बघू, रीडिंग किती आलं?" म्हणत मागून वाकायचे आणि पाठीवर हात. व्हर्नियरचं (बारीक मापं काढायच्या साधनाचं) माप वाचायला कुणाच्या पाठीवर हात ठेवावा लागत नाही, हे मला कळत होतं. पण मी खुर्ची सरकवायचे आणि गप्प बसायचे. मग रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर "झोपलीस का". पहिल्या मेसेजला मी हसरा चेहरा पाठवला होता. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचंच भांडवल झालं.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, मशिनची पूजा होती. आम्ही बायका साड्या नेसून गेलो होतो. फोटो काढताना त्यांनी कमरेला हात घातला. मी बाजूला झाले तर चार जणांसमोर हसत म्हणाले, "अगं, पूजेला हात लावल्याशिवाय पुण्य मिळत नाही." दोघं हसलेसुद्धा. २८ ऑक्टोबरला केबिनमध्ये बोलावलं. प्रमोशनची यादी माझ्या हातात आहे, एक दिवस सापुताऱ्याला चल, मग बघू.

दिवाळीच्या सुट्टीत चकल्या तळताना आईला सांगितलं. तिने झारा तसाच कढईत ठेवला. एक घाणा करपला.

६ नोव्हेंबरला लेखी तक्रार दिली. कँटीनजवळच्या बोर्डावर लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीची नावं होती, त्यातल्या अध्यक्ष मॅडम २०२२ सालीच नोकरी सोडून गेलेल्या. चार दिवसांनी नवा कागद चिकटवला: एचआर मॅडम, स्टोअरचे एक साहेब आणि 'बाहेरच्या सदस्य' म्हणून कंपनीच्या सीएंच्या मिसेस. पहिल्या बैठकीला यातल्या फक्त एचआर मॅडम. शेजारी एक गृहस्थ बसले होते, ते कंपनीचे वकील निघाले. प्रश्न त्यांनीच विचारले. साडी नेसायला कोणी सांगितलं होतं? हसरा चेहरा का पाठवला? जूनपासून होत होतं तर नोव्हेंबरपर्यंत काय करत होता?

पूजेच्या वेळी माझी जी मैत्रीण बाजूला उभी होती, ती समितीपुढे म्हणाली, "माझ्या हातात आरतीचं ताट होतं, मला काही दिसलं नाही." तिच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. तिचं मला कळतं. राग मात्र अजून गेलेला नाही.

५ डिसेंबरच्या दुसऱ्या बैठकीनंतर काहीच नाही. अहवाल मिळाला नाही. १८ डिसेंबरला मला टेबलावरून उचलून स्टोअरला टाकलं, नटबोल्ट मोजायला. २ जानेवारीला वॉर्निंग लेटर: तुम्ही पास केलेले तीन लॉट ग्राहकाकडून परत आले. त्यातला एक लॉट ज्या दिवशी आला त्या दिवशी मी रजेवर होते. तसं सांगितलं तर म्हणाले, सही करा, नंतर बघू. मी "मान्य नाही" असं लिहून सही केली. एवढी एक अक्कल सुचली.

२० जानेवारी, सोमवार, फर्स्ट शिफ्ट. सिटीलिंक बसने उतरले, गेटवर कार्ड लावलं, लाल दिवा. परत लावलं, परत लाल. सिक्युरिटीचे मामा मला पहिल्या दिवसापासून ओळखतात. ते रजिस्टरकडे बघत म्हणाले, "ताई, तुमचं नाव काढलंय. मला वरून फोन आहे." मागून सगळी शिफ्ट आत जात होती, आणि मी डबा घेऊन बाजूला उभी. लेटर नाही, काही नाही. सहा बावन्नला एचआरला फोन लावला, उचलला नाही.

३० तारखेला त्याच एचआर मॅडमनी त्र्यंबक रोडच्या एका हॉटेलात बोलावलं. पाचशेचा स्टॅम्पपेपर पुढे केला. त्यात: मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे. ६ नोव्हेंबरची माझी तक्रार गैरसमजातून झाली होती. माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही व पुढे करणार नाही. बदल्यात एक लाख दहा हजार, सगळं धरून. शुक्रवारपर्यंत, म्हणजे ७ तारखेपर्यंत सांगा. नाही तर "परफॉर्मन्सवरून काढलं असं जाईल, मग दुसरीकडे नोकरी मिळणं अवघड."

भाऊ म्हणतो घे आणि मोकळी हो. मला स्थळं बघतायत, कोर्टात नाव गेलं तर काय, असं काका म्हणतात. आईसुद्धा आधी घे म्हणत होती. मग तिला तो कागद मोबाईलवर वाचून दाखवला (फोटो काढून आणलाय). ती म्हणाली, "गैरसमज कुणाचा गं?"

पैसे लागतात, खोटं कशाला बोलू. पण सही केली तर पुढे काय होतं, नाही केली तर काय होतं, हे कुणी नीट सांगेल का? कंपनीचं नाव विचारू नका.

---

देवळालीकर
३ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

वाचून फार वाईट वाटलं. पण ताई, स्पष्ट बोलतो. सातपूर-अंबड म्हणजे एक गाव आहे. एचआरवाले सगळे एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतात. पैसे घ्या, पुण्याला चाकणकडे अर्ज टाका. माझ्या चुलतभावाची केस (वेगळ्या कारणाची) लेबर कोर्टात इतकी वर्षं चालली की कंपनीच बंद पडली.

---

जुना_कामगार
३ फेब्रुवारी, सकाळी ९.०२

शुक्रवारची घाई त्यांना आहे, तुला नाही. हे आधी डोक्यात पक्कं कर, पोरी.

मी अंबडला बत्तीस वर्षं लेथवर आणि त्यातली वीस युनियनच्या कामात काढली. मालक आपण होऊन पैसे घेऊन येतो तेव्हा समजायचं की त्याच्या वकिलाने त्याला सांगितलंय, तुमची बाजू लंगडी आहे. ज्याची बाजू भक्कम तो लेटर पोस्टाने पाठवतो, हॉटेलात चहा पाजत नाही.

आजच्या आज एक काम कर. ईमेल टाक आणि तोच मजकूर रजिस्टर एडीने, म्हणजे पोचपावतीच्या टपालाने, पाठव: २० जानेवारीला अमुक वाजता मी कामावर आले, मला आत घेतलं नाही, कारण लेखी कळवा, मी कामावर यायला आजही तयार आहे. हे का सांगतो? पुढे ते म्हणतील, बाईच आली नाही, काम सोडून गेली. शंभरातल्या नव्वद वेळा हेच म्हणतात. पोस्टाची पावती वहीत चिकटवून ठेव. मी पिठाच्या खळीने चिकटवायचो, पंचवीस वर्षांनीही निघाल्या नाहीत.

---

नाणेफेक
३ फेब्रुवारी, दुपारी १.३०

दुसरी बाजू न ऐकता सगळे न्यायाधीश झालेत. समितीने काय निष्कर्ष काढला हे धागाकर्तीलाही माहीत नाही. साक्षीदार 'दिसलं नाही' म्हणते. स्मायली पाठवलाय. लॉट परत आलेत. या कायद्याचा गैरवापरही होतो, हेही कुणीतरी बोलायला हवं.

---

व्हर्नियर
३ फेब्रुवारी, दुपारी २.१०

दादा, लॉट परत आले हे खरं. तीनपैकी दोनांवर माझी सही आहे. त्यातल्या एकाला ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन टेबलावर होती, ती बदलायचं काम माझं नव्हतं. दुसऱ्यात मी चुकले असेन. चार वर्षांत एक लॉट चुकला म्हणून कुणाचं कार्ड बंद झालेलं मी तिथे पाहिलं नाही. आणि ज्याने चाळीस हजारांचा माल स्क्रॅप केला तो आजही फर्स्ट शिफ्टला आहे.

समितीने काय ठरवलं ते मला माहीत नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

जुना_कामगार काका, मेल लिहायला घेतेय. 'आपला विश्वासू' लिहायचं की नको?

---

जुना_कामगार
३ फेब्रुवारी, दुपारी २.२५

लिही. 'विश्वासू' लिहिल्याने आपलं काही जात नाही.

---

कोर्टाची_पायरी
३ फेब्रुवारी, रात्री १०.४८

मी पुण्यात कामगार न्यायालयात वकिली करते. इथे लिहितेय तो सल्ला म्हणून धरा, वकीलपत्र म्हणून नव्हे. जे सांगते ते फेब्रुवारी २०२५ च्या कायद्याप्रमाणे.

आधी कागद. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये तडजोडीची सोय आहे, पण ती चौकशी सुरू होण्याआधी आणि तक्रारदार बाईच्या स्वतःच्या विनंतीवरून. शिवाय त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की पैसे हा तडजोडीचा आधार असता कामा नये. तुमच्या बाबतीत तिन्हीचा पत्ता नाही. त्याहून मला खुपतं ते 'गैरसमजातून' हे वाक्य. कलम १४ म्हणतं, तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. ही तुमची ढाल आहे. ते वाक्य लिहून दिलंत की ढाल तुम्हीच काढून त्यांच्या हातात देता. पैसे घ्यायचेच ठरवलंत तरी हे वाक्य आणि 'स्वखुशीने' हा शब्द, दोन्ही बाहेर.

तुमच्या समितीबद्दल. कायद्यात बाहेरची सदस्य ही महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली हवी. सीएंच्या पत्नी यात कशा बसतात हे कंपनीने सांगावं. बैठकीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हवेत, आणि वकील तर दोन्ही बाजूंना बंदी. तुमच्याकडे एक सदस्य आणि एक वकील होता! चौकशी ९० दिवसांत संपवायची, संपल्यावर १० दिवसांत अहवाल दोन्ही पक्षांना द्यायचा. ६ नोव्हेंबरपासून ९० दिवस आज-उद्याकडे पुरे होतायत, तेव्हा अहवालाची प्रत लेखी मागा. अहवाल विरोधात गेला असेल तर अपिलाला ९० दिवस असतात, पण न दिलेल्या अहवालावर अपील कसं करणार?

आता मुख्य दुखणं. या कायद्यात 'तक्रार केली म्हणून नोकरीवरून काढू नये' असं सरळ, स्वतंत्र कलम नाही. ही त्यातली मोठी फट आहे. पण कलम ३ च्या दुसऱ्या पोटकलमात नोकरीबद्दलची धमकी, कामात अडथळा, अपमानास्पद वागणूक या गोष्टी लैंगिक वर्तनाशी जोडलेल्या असतील तर त्यांनाही छळ म्हटलंय. सापुताऱ्याला नाही म्हटल्यावर स्टोअर, वॉर्निंग आणि बंद गेट ही एकच साखळी आहे, असं मी मांडेन. शेवटची कडी २० जानेवारीची. त्या तारखेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते.

कुठे? प्लांट हेड जर त्या जागेचा कारभार बघत असेल तर कायद्याच्या व्याख्येत तोही 'मालक' म्हणून बसू शकतो. मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ ला पुन्हा कान उपटलेत: प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, खासगी कंपन्यांमध्ये समित्या आहेत का ते तपासा. सध्या ही कार्यालयं थोडी जागी आहेत, त्याचा फायदा घ्या. केंद्राचं शी-बॉक्स हे ऑनलाइन तक्रारीचं पोर्टलही आहे. तिथेही टाका, पण त्यावर विसंबून बसू नका.

नोकरी परत मागायची तर रस्ता वेगळा. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिलीच बाब आहे ती सूडबुद्धीने, खोट्या कारणावरून कामावरून काढण्याची. तक्रार कामगार न्यायालयात, मुदत ९० दिवस. तुमची मुदत २० एप्रिलला संपते, आणि त्या दिवशी रविवार आहे. मार्च उजाडायची वाट बघू नका. तुमचे सुपरवायझरी अधिकार होते म्हणून तुम्ही 'कामगार' नाही, असं ते म्हणतील. कोर्ट हुद्द्याच्या पाटीपेक्षा रोजचं काम बघतं. हातात गेज घेऊन मापं काढणारी बाई व्यवस्थापक होत नाही. रजा मंजूर करायचा, कुणाला मेमो द्यायचा अधिकार तुम्हाला नव्हता हे दाखवणारं जे असेल ते जमवा.

पोलिसांकडे जायचं की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाच्या गुन्ह्यासाठीच आहे. समितीकडे गेलात म्हणून तो रस्ता बंद होत नाही.

आणि वेळेबद्दल देवळालीकर म्हणतात ते खोटं नाही. लेबर कोर्ट म्हणजे वर्षं. अंतरिम आदेश मागता येतो, मिळेलच असं कुणी सांगत असेल तर त्या वकिलाकडे जाऊ नका. पण कधी कधी मिळतं. इंदूरमधल्या एका सरकारी बँकेच्या महिला अधिकाऱ्याने शाखेतले गैरव्यवहार आणि वरिष्ठाकडून होणारा छळ दोन्ही कळवलं, तर तिची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. उच्च न्यायालयाने ती बदली रद्द केली, फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, तिचा छळ झालाय असं म्हटलं आणि बँकेला ५० हजारांचा खर्च लावला. ती बदली होती, तुमचं काढून टाकणं आहे, पण कोर्ट कशाकडे बघतं ते त्यातून कळतं: तारखांकडे.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

एक राहिलं. ज्या फोनवर ते मेसेज आहेत तो फोन विकू नका, कुणाला देऊ नका, रिसेट करू नका. स्क्रीनशॉट पुरत नाही.

---

व्हर्नियर
४ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

ताई, तो फोन पुढच्या महिन्यात भावाला द्यायचं ठरलं होतं. आता कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलाय.

मेल गेला. रजिस्टर एडी आज पोस्ट उघडलं की.

---

एचआरवाली_नाव_नको
४ फेब्रुवारी, रात्री ९.२०

मी तुमच्या त्या मॅडमच्या खुर्चीवर बसते. दुसऱ्या गावात, दुसऱ्या कंपनीत, पण खुर्ची तीच. म्हणून नाव नको.

हे कसं चालतं ते सांगते. तक्रार आली की पहिला फोन मालकाचा येतो आणि पहिला प्रश्न असतो, "तिची फाईल काय म्हणते?" फाईल काहीच म्हणत नसेल तर फाईलला बोलायला शिकवतात. म्हणून वॉर्निंग लेटरच्या तारखा बघा. चार वर्षांत एकही नाही आणि तक्रारीनंतर आठ आठवड्यांत पहिलं? तुमचे जुने अप्रेझल, इन्क्रिमेंट लेटर, 'बेस्ट एम्प्लॉयी'चा एखादा फोटो, सगळं काढून ठेवा. रजेच्या दिवशीचा तो लॉट सोन्यासारखा आहे. त्या दिवशीची रजा मंजूर झाल्याचा मेसेज असेलच.

दुसरं. गाडीवाल्या मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांचं ऑडिट करतात, त्यात समितीची कागदपत्रंही मागतात. शिवाय समितीला दर वर्षी जिल्हा अधिकाऱ्याला अहवाल द्यायचा असतो, किती तक्रारी आल्या, किती निकाली. 'तक्रार मागे घेतली' असा कागद असला की सगळं सुटतं. तुमच्या सहीची किंमत एक लाख दहा हजारांपेक्षा जास्त आहे, हे त्यांना माहीत आहे. मी तुम्हाला भाव वाढवायला सांगत नाहीये. फक्त माहीत असू द्या.

आणि एक. माझ्याकडे २०२१ मध्ये अशी एक मुलगी आली होती. मी तिला कागद पुढे केला होता. तिने सही केली. त्यावर मी अजून काही लिहू शकत नाही.

---

मीठभाकर
५ फेब्रुवारी, दुपारी १२.०५

मी ती सही केलेली आहे (वरच्या ताईंची मुलगी नव्हे, वेगळी). भोसरी, २०१९. पदरात तीन वर्षांचं पोर, नवऱ्याचा धंदा बसलेला. मला पश्चात्ताप नाही आणि तो व्हावा असं कुणी म्हणूही नये. लढायला घरात कुणीतरी पगार आणणारं लागतं.

पण माझ्याकडून शिका. मी कागद वाचला नाही, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अनुभवाचा दाखला मागायचा राहिला, तो त्यांनी दीड वर्ष लटकवला. काम केलेल्या दिवसांचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे त्या 'रकमे'तच धरले होते, जे एरवीही माझेच होते. त्यामुळे ताई, १ लाख १० मधून आधी स्वतःचे पैसे वजा करून बघा. उरतं किती? पीएफची नोकरी सोडल्याची तारखही त्यांनी टाकली नव्हती. ती दोन महिन्यांनी आपली आपल्याला पोर्टलवर टाकता येते, हे मला फार उशिरा कळलं.

---

व्हर्नियर
५ फेब्रुवारी, रात्री ११.१५

मीठभाकरताई, तुमचं वाचून कॅल्क्युलेटर घेतला.

जानेवारीचे एकोणीस दिवस आणि शिल्लक २६ रजा धरून तीस हजारांच्या वर जातात. चार वर्षांच्या नोकरीवर कामगारकपातीची भरपाई म्हणतात ती वर्षाला पंधरा दिवस, म्हणजे दोन महिन्यांचा पगार, आणि नोटिशीचा एक महिना. हे सगळं मिळून एक लाखाच्या आसपास येतं. म्हणजे गैरसमजाचे उरले जेमतेम आठ-नऊ हजार. मला हसूच आलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, एवढ्यात तर सापुताऱ्याचं हॉटेलही यायचं नाही. आईने असा विनोद करावा!

उद्या एचआर मॅडमना फोन करणार आहे.

---

व्हर्नियर
७ फेब्रुवारी, रात्री ८.५०

नाही म्हणून सांगितलं. मॅडम दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "विचार करून सांगतेस ना?" मी म्हटलं हो. फोन ठेवला आणि अर्धा तास हात थरथरत होते. काका बोलत नाहीयेत, जेवायला आले नाहीत.

---

कोर्टाची_पायरी
८ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

हात थरथरले तरी फोनची तारीख-वेळ वहीत लिहा.

आणि काकांना सांगा, या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारदाराचं नाव, पत्ता, चौकशीचा मजकूर प्रसिद्ध करायला बंदी आहे. पेपरात नाव येण्याची भीती असेल तर ती तेवढी तरी कमी होईल. आजूबाजूची कुजबुज कलमाने थांबत नाही, ते खरं.

---

जुना_कामगार
८ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

काकाला माझा नंबर दे. पिढीतला माणूस पिढीतल्या माणसाचं ऐकतो.

जाता जाता. हा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालातून आला तो १९९७ चा, विशाखा खटल्याचा. त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी. सरकारच्याच योजनेत साथीन म्हणून गावात काम करायची, बालविवाह अडवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर बलात्कार झाला. खालच्या कोर्टाने आरोपी सोडले. तिच्या नशिबी काय आलं आणि तिच्यामुळे बाकीच्यांना काय मिळालं, याचा हिशोब मला आजवर लावता आलेला नाही. आमच्या युनियनच्या ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं. मलाही पोरीने कॉलेजात शिकून येऊन सांगितलं.

---

व्हर्नियर
२३ मार्च २०२५, दुपारी ४.००

बरेच जण विचारत होते म्हणून.

जुना_कामगार काका म्हणाले होते तेच झालं. कंपनीचं उत्तर २४ फेब्रुवारीला आलं: "आपण २० जानेवारीपासून विनापरवानगी गैरहजर आहात." माझा मेल ४ तारखेचा, एडीची पोचपावती ६ तारखेची, त्यावर त्यांच्याच गेटचा शिक्का. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेली वकील माझ्यापेक्षा लहान आहे. ते पत्र वाचून ती म्हणाली, "मग २ जानेवारीचं वॉर्निंग लेटर आणि ३० तारखेचा स्टॅम्पपेपर गैरहजर बाईसाठी होता का?" मला ती तिथेच आवडली.

स्थानिक समितीकडे तक्रार दिली, सहा प्रती, साक्षीदारांची नावं जोडून. साक्षीदारांत मैत्रिणीचं नाव टाकायचं की नाही यावर दोन दिवस घातले. शेवटी टाकलं. तिला आधी मेसेज करून सांगितलं. तिने वाचला, उत्तर नाही. १८ मार्चला कामगार न्यायालयात तक्रार दाखल झाली, पुढची तारीख एप्रिलमध्ये. अहवालाची प्रत अजून नाही. पोलिसांकडे सध्या गेले नाही, ते नंतर बघू.

जानेवारीचा पगार खात्यात जमा झाला, न बोलता. सध्याच्या (मार्च २०२५) कायद्याप्रमाणे चोवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या माणसाला काढलं तर दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत पैसे द्यावे लागतात, असं वकिलीणबाईंनी नोटिशीत लिहिलं होतं. त्याचा परिणाम असावा. रजेचे नाही दिले.

अंबडला एका लहान वर्कशॉपमध्ये जातेय, चौदा हजारांवर. मालक म्हातारे आहेत, पहिल्याच दिवशी विचारलं, तिथून का सोडलं. मी म्हटलं, सोडलं नाही, केस चालू आहे. त्यांनी "बरं" म्हटलं आणि गेज पुढे केलं. काकांनी जुना_कामगार काकांना फोन केला म्हणे, दीड तास. काय बोलले ते सांगत नाहीत, पण कोर्टाच्या पुढच्या तारखेला सोबत येतो असं परवा म्हणाले.

एक गोष्ट राहिलीय. माझा व्हर्नियर कंपनीच्या लॉकरमध्येच आहे. कंपनीचा नव्हे, माझा, मिटुटोयोचा, पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला. नोटिशीत शेवटच्या परिच्छेदात तो मागितलाय. वकिलीणबाई म्हणाल्या हे कशाला घालायचं, मुख्य मुद्दा पातळ होतो. मी म्हटलं असू द्या. सिक्युरिटीच्या मामांनी त्यांच्या भाच्याकडून निरोप पाठवलाय की लॉकरला नवं कुलूप लागलंय, पण आतलं सामान अजून कुणी काढलेलं नाही.